दायमाबादचा रथ: हडप्पाचा की नाही? एका व्याख्यानाचं प्रकरण

पहिला वाद व्याख्यानाच्या शीर्षकावरून झाला. विषय होता दायमाबादला सापडलेला कांस्याचा रथ. पत्रिका छापायला जायच्या आदल्या संध्याकाळी समितीतल्या बहुतेकांना ‘प्रवराकाठी हडप्पा: पाच हजार वर्षांपूर्वीचा रथ’ हेच हवं होतं. वक्त्यांचं फोनवर म्हणणं एवढंच, की ‘पाच हजार’ काढा आणि ‘हडप्पा’पुढे प्रश्नचिन्ह टाका. प्रश्नचिन्हाला कुणी तयार होईना. प्रश्नचिन्ह असलेल्या व्याख्यानाला लोक येत नाहीत, असं आमच्या खजिनदारांचं जुनं मत आहे. शेवटी ‘दायमाबादची कांस्यशिल्पं: कुणाची, कधीची?’ यावर तडजोड झाली. म्हणजे एका प्रश्नचिन्हाऐवजी एक प्रश्नचिन्ह आलंच, फक्त हडप्पा गेला.

तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयाची ही व्याख्यानमाला. न्यायमूर्ती रानडे यांनी १८७५ मध्ये पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तिचीच ही खेड्यापाड्यांतली भावंडं. प्रत्येक गावची थोडी वेगळी, पण शाल-श्रीफळ, परिचय आणि आभारप्रदर्शन सगळीकडे सारखंच लांब. मी समितीत आहे. वक्ते निवृत्त पुरातत्त्व-प्राध्यापक, आयुष्य उत्खननांत गेलेलं. हे प्रकरण लिहून काढतोय, कारण त्या संध्याकाळी एकापाठोपाठ जे प्रसंग उभे राहिले, ते नदीकाठच्या कुठल्याही गावात पुरातत्त्वाचं व्याख्यान ठेवणाऱ्यापुढे उभे राहतील.

आमचा श्रोता कोण, हे आधी सांगायला हवं. आमच्याकडे इतिहास म्हटला की तो १६३० पासून सुरू होतो. शिवकालावर वक्ता आणला की सभागृहाबाहेर सतरंज्या टाकाव्या लागतात, पेशवाईला निम्मी गर्दी, यादवांना त्याच्या निम्मी. त्याआधीचं सगळं ‘फार जुनं’ या एका पोत्यात. पण विषय दायमाबादचा होता आणि दायमाबाद आपल्याच जिल्ह्यातलं, श्रीरामपूर तालुक्यातलं, प्रवरेच्या काठचं. त्यामुळे अपेक्षेपेक्षा माणसं जास्त आली आणि त्यांत शेतकरी पुष्कळ होते.

काय माहीत आहे

वक्त्यांनी रथाला हात लावायला तब्बल अर्धा तास घेतला. त्याआधी त्यांनी पिशवीतून खापरं काढली आणि पहिल्या रांगेतून फिरवायला दिली. जोर्वे संस्कृतीची खापरं, म्हणजे ताम्रपाषाणयुगातली, लोक तांबं आणि दगड दोन्हींची हत्यारं वापरत तेव्हाची. संगमनेर तालुक्यातल्या जोर्वे गावावरून हे नाव पडलं. तेही प्रवरेवरच, आणि नेवासंही. चाकावर घडवलेलं, चांगलं भाजलेलं, तांबड्या लेपावर काळ्या रेघांची नक्षी. नखाने टिचकी मारली की खणखण वाजतं. लोकांनी टिचक्या मारून पाहिल्या. नक्षीचं भांडं कुणी केलं असेल यापेक्षा ते अजून वाजतं याचंच लोकांना जास्त नवल.

मग दायमाबादचे थर. बी. पी. बोपर्डीकर यांनी १९५८ मध्ये ही जागा शोधली. १९५८-५९ मध्ये म. न. देशपांडे यांनी, १९७४-७५ मध्ये एस. आर. राव यांनी आणि १९७५ ते ७९ या काळात एस. ए. साळी यांनी तिथे उत्खनन केलं. वस्तीचा थर सुमारे पाच मीटर जाड. त्यात खालून वर पाच संस्कृती एकमेकींवर बसलेल्या: सावळदा, उत्तर-हडप्पा (म्हणजे हडप्पा संस्कृतीच्या उतरत्या काळातली), दायमाबाद, माळवा आणि सर्वांत वर जोर्वे. उत्तर-हडप्पा थरात भाजलेल्या मातीच्या, बटनासारख्या दोन मुद्रा मिळाल्या. त्यांवर सिंधू लिपीची चिन्हं आहेत. तशीच चिन्हं कोरलेली काही खापरंही आहेत. हडप्पाच्या लोकांचा किंवा त्यांच्या परंपरेचा हात गोदावरीच्या खोऱ्यापर्यंत पोचला होता, हे त्यावरून कळतं. यात वाद नाही.

लहान मुलांच्या दफनाचा भाग त्यांनी मुद्दाम लांबवला आणि तो योग्यच होता. जोर्वे काळात मूल गेलं की दोन रांजण तोंडाला तोंड लावून, त्यात ते ठेवून, घराच्या जमिनीखालीच पुरत. मोठ्या माणसांचे पाय घोट्याखाली तोडून पुरल्याचं इनामगावला आढळलं. घोड नदीकाठचं ते गाव १९६८ ते १९८३ असं दीर्घकाळ खणलं गेलं, ह. धी. सांकळिया आणि म. के. ढवळीकर यांच्यासारख्या माणसांच्या देखरेखीखाली. पाय का तोडले? मेलेला परत उठून कुठे जाऊ नये म्हणून, असा अंदाज आहे. वक्ते म्हणाले, “अंदाज. पाय तोडलेत एवढं हाडं सांगतात. का तोडलेत ते हाडं सांगत नाहीत.” सबंध व्याख्यानाची पद्धत या दोन वाक्यांत होती. ती तेव्हा फारशी कुणाच्या लक्षात आली नाही.

मग रथ. १९७४ मध्ये एक भिल्ल शेतकरी झाडाच्या मुळाशी खणत असताना चार कांस्यवस्तू बाहेर आल्या: दोन बैलांचा रथ आणि त्यात उभा माणूस, एक हत्ती, एक गेंडा, एक रेडा. रथाच्या दांडीवर एक कुत्रासुद्धा उभा आहे. रथ सुमारे ४५ सेंटिमीटर लांब. चारही वस्तूंचं मिळून वजन ६० किलोच्या आसपास. सगळं भरीव ओतकाम. पडद्यावर चित्र आलं तेव्हा सभागृहात आवाज उमटला. दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगात एवढं धातूकाम दुसरीकडे मिळालेलं नाही. तिथे तांबं म्हणजे एखादी कुऱ्हाड, एखादा गळ, काही मणी.

हो की नाही

प्रश्नोत्तरांत पहिलाच प्रश्न आला, एका निवृत्त मुख्याध्यापकांचा. “सर, एवढं सगळं सांगितलंत, पण रथ हडप्पाचा आहे की नाही? हो की नाही, एवढंच सांगा.”

अशा वेळी वक्त्यापुढे दोन सोपे रस्ते असतात. ‘हो’ म्हणून टाळ्या घ्यायच्या किंवा ‘विद्वानांत मतभेद आहेत’ म्हणून बसायचं. दुसरं मला पहिल्याइतकंच वाईट वाटतं. ‘मतभेद आहेत’ ऐकलं की श्रोता समजतो, यांनाच काही ठाऊक नाही, मग आपलं मत का नसावं? आणि तिथून पुढे पाच हजारांचे दहा हजार व्हायला वेळ लागत नाही.

वक्त्यांनी फळ्यावर दोन रकाने काढले. एका बाजूला राव, साळी, ढवळीकर ज्या बाजूचे आहेत ती: दायमाबादला उत्तर-हडप्पा थर आहेच, चाकांवरची प्राण्यांची खेळणी आणि गाड्या हडप्पाच्या मातीकामात भरपूर सापडतात, गेंडा आणि हत्ती त्यांच्या मुद्रांवर आहेत. दुसऱ्या बाजूला पुरातत्त्वज्ञ डी. पी. अग्रवाल यांचा मुद्दा: या वस्तूंच्या धातूत एक टक्क्याहून जास्त आर्सेनिक आहे आणि त्या भागातल्या ताम्रपाषाणयुगीन वस्तूंत आर्सेनिकचं असं मिश्रण आढळत नाही. म्हणून त्या पुष्कळ नंतरच्या, ऐतिहासिक काळातल्या असाव्यात. त्यावर पहिल्या बाजूचं उत्तर असं, की तुलना स्थानिक वस्तूंशी का? सिंधू खोऱ्यातल्या काही तांब्याच्या वस्तूंत आर्सेनिक आहे. वस्तू तिकडच्या किंवा तिकडच्या परंपरेतल्या असतील, तर हिशेब तिकडचा लावायला हवा.

“मग तपासून घ्या ना, कार्बनवर,” मागून कॉलेजचा एक मुलगा बोलला. इथे वक्त्यांचा चेहरा उजळला, म्हणजे हा प्रश्न त्यांना हवाच होता. कार्बन-१४ जिवंत वस्तूंच्या अवशेषांवर चालतं: जळकं धान्य, लाकूड, हाड. त्याचं अर्धायुष्य, म्हणजे निम्मं उरायला लागणारा काळ, ५,७३० वर्षं आहे, म्हणून किती उरलंय यावरून काळ काढता येतो. धातूला ते लागू नाही. भाजलेल्या मातीचा काळ दुसऱ्या पद्धतीने काढता येतो, आणि पोकळ ओतकाम असतं तर आतल्या मातीच्या गाभ्याचा काही उपयोग झाला असता. पण हे भरीव. आत मातीच नाही.

“म्हणजे वस्तूला विचारून उपयोग नाही,” ते म्हणाले. “विचारायचं कुणाला? तिच्या शेजाऱ्यांना. ती ज्या मातीत होती त्या मातीला. त्या थरातलं जळकं धान्य, ती खापरं, तो राखेचा पट्टा. पण आपण पोचलो तेव्हा वस्तू वर आलेल्या होत्या. नंतर तिथे उत्खनन झालं, पण शेजारी आधीच पांगले होते.”

मुख्याध्यापक तरी सोडेनात. तुमचं स्वतःचं मत काय? तेव्हा ते म्हणाले, की माझा कल उत्तर-हडप्पाकडे आहे, पण घर गहाण टाकून पैज लावणार नाही. सभागृह हसलं. माझी त्यांच्याशी एकच तक्रार आहे: हे वाक्य त्यांनी मागून घेईपर्यंत थांबायला नको होतं. वक्त्याने आपला कल आधीच सांगावा. लोक त्याला पुरावा समजत नाहीत, माणसाचं मत समजतात, आणि मग दोन्ही रकाने नीट वाचतात. कल लपवला की सगळं लक्ष तो ओढून काढण्यात जातं. आमचीही पाच-सहा मिनिटं त्यातच गेली.

रुमालातलं नाणं

व्याख्यान इथे संपलं असतं तर मी हे लिहिलं नसतं. आभारप्रदर्शन चालू असताना एक म्हातारे शेतकरी मंचाच्या पायरीपाशी आले आणि रुमालाची गाठ सोडू लागले. आत एक लहानसं, काळपट नाणं. “साहेब, हे बघा बरं. नांगराला आलं.”

सगळे मंचाभोवती गोळा झाले आणि तोंडातोंडी एकच प्रश्न: याची किंमत किती?

वक्त्यांनी नाणं तळहातावर घेतलं, चष्मा वर केला. शिशाचं. एका बाजूला झिजलेला हत्ती, दुसऱ्या बाजूला उज्जैनी चिन्ह, म्हणजे फुलीच्या चार टोकांना चार वर्तुळं. “सातवाहनांचं दिसतंय, बाबा.” किमतीबद्दल ते काहीच बोलले नाहीत. उलट त्यांनीच प्रश्न विचारायला सुरुवात केली. कुठल्या शेतात? काळीत की पांढरीत? बांधापासून किती लांब? नांगर किती खोल गेला होता? आणखी काय निघालं, विटा, खापरं, हाडं? पावसाआधी की नंतर? बाबांना यातलं सगळं ठाऊक होतं. कुठल्या कोपऱ्यात पहार लागली, कुठे राख निघाली, कुठली माती मागच्या पिढीत शेतात पसरायला गाड्या भरून नेली. नदीकाठच्या जुन्या वस्त्यांच्या पांढऱ्या मातीच्या टेकड्या अशाच गाड्यांनी गेल्या. खत म्हणून ती माती उत्तम, हे त्याचं साधं कारण.

माझ्या मते त्या संध्याकाळचं खरं व्याख्यान हे होतं. रथाच्या बाबतीत जे गेलं, ते या नाण्याच्या बाबतीत अजून बाबांच्या डोक्यात शाबूत होतं. वक्त्यांनी एका विद्यार्थ्याला कागद दिला आणि सगळं लिहून घ्यायला लावलं: गट क्रमांक, खोली, बरोबर काय निघालं. वर बाबांची सही घेतली.

मग कायदा. १८७८ चा भारतीय निखात निधी अधिनियम अजून लागू आहे. जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं: काय सापडलं, किती किमतीचं, कुठे, कधी. कळवलं नाही तर सापडणाऱ्याचा वाटा सरकारजमा होतो आणि एक वर्षापर्यंत कैदही होऊ शकते. वस्तूचा मूळ मालक कुणी पुढे आला नाही आणि आपसात वेगळं ठरलेलं नसेल, तर सापडणाऱ्याला तीन चतुर्थांश आणि जमिनीच्या मालकाला एक चतुर्थांश. सरकारला वस्तू हवी असेल तर ती घेता येते: आतल्या धातूची किंमत आणि वर तिचा एक पंचमांश देऊन.

हे शेवटचं ऐकून एक जण हसला. शिशाच्या नाण्याला धातूची किंमत! म्हणजे भंगाराचा भाव आणि वर वीस टक्के. हा हिशेब आजच्या काळात हास्यास्पद आहे, हे मोकळेपणाने मान्य करायला हवं. अशा वस्तू कार्यालयात पोचण्याऐवजी परस्पर विकल्या जातात त्याचं एक कारण तिथेच आहे. १९७२ च्या पुरावस्तू कायद्याने परवान्याशिवाय पुरावस्तूंचा व्यापार आणि खासगी माणसाने त्या देशाबाहेर नेणं बेकायदा ठरवलं आहे. पण गावात येणारा खरेदीदार परवाना दाखवत नाही आणि कुणी मागतही नाही.

त्याच गर्दीत दुसरी गोष्ट घडत होती. पाच-सहा जण एकदम बोलत होते: आमच्याकडे पण टेकाड आहे, अमक्या मळ्यात रांजण निघतात, तमक्या ओढ्याला भिंत आहे. माइक चालूच होता. वक्त्यांनी स्वतः जाऊन तो बंद केला. “जागा मोठ्याने सांगू नका. कागदावर लिहा आणि माझ्याकडे द्या.”

काहींना हे आवडलं नाही. लोक आपणहून माहिती देतायत आणि हा माणूस त्यांना गप्प करतो! पण नेमकी जागा भर सभेत जाहीर झाली, की ती अभ्यासकांच्या आधी खणणाऱ्यांना कळते. गुप्तधनाच्या नादापायी या राज्यात काय काय होतं हे वेगळं सांगायला नको. गुप्तधनासाठी केले जाणारे अघोरी प्रकार २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या अनुसूचीत घालावे लागले, ते उगाच नाही. दायमाबादसारखी नोंदलेली जागा सभेत सांगायला हरकत नाही. कुणी अजून न पाहिलेलं टेकाड सांगायला आहे.

नंतर

दुसऱ्या दिवशी एका वार्ताहराचा फोन आला. त्याचं शीर्षक तयार होतं, त्यात ‘खजिना’ होता. आम्ही त्याला दहा ओळींचं निवेदन लिहून दिलं. त्यात गावाचं नाव नव्हतं आणि नाण्याचा उल्लेख ‘एका शेतकऱ्याने दाखवलेली वस्तू’ एवढाच होता. बातमी लहान आली, आतल्या पानावर. समितीतले एक सदस्य त्यावरून अजून नाराज आहेत. मला ती बातमी चांगली वाटते.

बाबा नाणं आणि कागद घेऊन संबंधित कार्यालयात गेले, बरोबर आमचा तो विद्यार्थी. अर्ज कुठल्या टेबलावर द्यायचा हे ठरायला वेळ लागला, कारण असा अर्ज तिथे कुणी पाहिला नव्हता. शेवटी आवक क्रमांक पडला. कायदा जागा आणि तारीख विचारतो, खोली विचारत नाही, बरोबर काय निघालं तेही नाही. ते विद्यार्थ्याने सोबत जोडलं. त्याची एक प्रत वक्त्यांकडे आहे आणि एक वाचनालयाच्या कपाटात.

समितीच्या पुढच्या बैठकीत काही गोष्टी ठरल्या. पुरातत्त्वाचं व्याख्यान असेल तर प्रश्नोत्तरांना व्याख्यानाइतकाच वेळ, आणि तो वेळ परिचय-सत्कारातून काढायचा. दाराशी एक टेबल, त्यावर छापील कोरे अर्ज: वस्तू, गट क्रमांक, खोली, सोबत काय, तारीख. वस्तूंचा भाव मंचावरून कुणीही सांगायचा नाही, वक्त्यानेही नाही. नव्या जागा फक्त कागदावर. खापरं हाताळायला मिळालीच पाहिजेत, पण ती संस्थेच्या नोंदवहीतली असावीत. कुणी शेतातून वेचून आणलेली नकोत, नाहीतर पुढच्या वर्षी प्रत्येक जण पिशवी भरून आणेल.

शीर्षकाचा वाद मात्र मिटलेला नाही. खजिनदारांचं म्हणणं, गर्दी दायमाबादच्या नावाला आली, प्रश्नचिन्हाला नाही, आणि ‘हडप्पा’ लिहिलं असतं तर दुप्पट आली असती. ते बरोबर असेल. माझं म्हणणं असं, की ‘हडप्पा’ लिहिलं असतं तर मुख्याध्यापकांनी ‘हो की नाही’ विचारलंच नसतं, उत्तर पत्रिकेवरच मिळालं असतं, आणि ते दोन रकाने फळ्यावर आले नसते. पुढच्या वर्षी विषय नेवासं ठरलाय. वक्ते तेच. शीर्षक अजून ठरायचंय.